मुक्त गवंड्यांचं घर

खंडेनवमीला आमच्या घरी पाटावर जी अवजारं मांडली जायची, ती मला अजून क्रमानं आठवतात. थापी, रंधा, ओळंबा, गुण्या, हातोडा, दोन टाक्या आणि दोरीचं भेंडोळं. आदल्या संध्याकाळी बाबा ती रॉकेलच्या फडक्यानं पुसायचे, थापीच्या पात्याला चिकटलेला वाळका गिलावा नखानं काढायचे. सकाळी आई हळदकुंकू वाहायची, प्रत्येकावर झेंडूचं एकेक फूल ठेवायची आणि आम्ही भावंडं वाकून नमस्कार करायचो. बाबा वाईला गवंडी होते. घडीव दगडाचं काम त्यांना येत होतं, पण त्यांच्या उमेदीच्या काळात ते काम संपत आलं होतं. त्यांचे हात बहुतेक विटा आणि सिमेंटातच झिजले.

हे सगळं मला फिलाडेल्फियाच्या एका दालनात उभी असताना आठवलं. समोरच्या भिंतीवर सोनेरी पार्श्वभूमीवर माणसाच्या उंचीची चित्रं होती आणि त्यातल्या एकाच्या हातात थापी होती. दुसऱ्याच्या हातात ओळंबा. राजाच्या हातात राजदंड असावा तशी ती अवजारं धरलेली होती. मी एकतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, देवादिकांची, राजांची, संतांची हजारो चित्रं पाहिली आणि मुलांकडून काढून घेतली. थापी हातात घेतलेला माणूस सोन्याच्या भिंतीवर मी पहिल्यांदा पाहत होते.

मुलगा अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला राहतो. त्याच्याकडे दोन महिने गेले होते. सकाळची गाडी धरून, ट्रेंटनला गाडी बदलून मी एकटीच फिलाडेल्फियाला उतरले. स्टेशनातून वर आलं की सिटी हॉल अंगावर येतो. ५४८ फूट उंच, वर पेनसिल्व्हेनियाचा संस्थापक विल्यम पेन याचा ३७ फुटी पुतळा. सगळे पर्यटक मान वर करून तिकडेच पाहत असतात, मीही पाहिलं. मग मान खाली आली तेव्हा रस्त्यापलीकडे ही दुसरी इमारत दिसली. राखाडी ग्रॅनाइटची, जाड अंगाची, कोपऱ्यावर उंच मनोरा आणि त्या मनोऱ्याशी अजिबात न जुळणारे बाकीचे बुरूज. गंमत म्हणजे वयानं ही थोरली. सिटी हॉलचं काम १८७१ मध्ये सुरू झालं आणि १९०१ पर्यंत चाललं. ही इमारत १८७३ मध्ये उभी राहून मोकळी झाली होती. तिचा मनोरा २५० फुटांचा आहे, गावात त्याची चांगली छाप पडली असणार. मग तीस वर्षं समोरचं भावंड वाढतच गेलं.

हे मेसॉनिक टेंपल, पेनसिल्व्हेनियाच्या फ्रीमेसन लोकांचं मुख्यालय. ज्यानं हे रचलं तो जेम्स विंड्रिम काम हाती आलं तेव्हा अवघा २७ वर्षांचा होता. त्यानं बाहेरून नॉर्मन धाटणी घेतली, म्हणजे इंग्लंडात अकराव्या-बाराव्या शतकात बांधत तसं: अर्धवर्तुळाकार कमानी, भिंतीत खोल गेलेला दरवाजा, कमानीच्या आत कमान, तिच्या आत आणखी एक, प्रत्येकीवर कोरीव काम. त्या दरवाज्याशी उभं राहिलं की भिंतीची जाडी डोळ्यांना मोजता येते. दगडी बांधकामातली ही गोष्ट मला फार आवडते. सिमेंटची भिंत आपली जाडी लपवते, दगडाची भिंत खिडकी-दारापाशी ती मोकळेपणानं दाखवते. आमच्या वाईच्या जुन्या वाड्यांत खिडकीच्या जाडीत मूल बसून पाढे पाठ करू शकायचं. मी केलेत.

कोनशिला २४ जून १८६८ ला बसली, बाप्तिस्मा देणाऱ्या संत जॉनच्या दिवशी. हा दिवस फ्रीमेसन लोकांचा सण. तेव्हाचे ग्रँड मास्टर, म्हणजे इथल्या फ्रीमेसनांचे प्रमुख, रिचर्ड वॉक्स यांनी ती बसवताना जी हातोडी वापरली ती म्हणे जॉर्ज वॉशिंग्टननं १७९३ मध्ये अमेरिकेच्या संसद भवनाची कोनशिला बसवताना वापरलेली. पाच वर्षांत बांधकाम झालं, खर्च आला सोळा लाख डॉलर. पण मला थांबवलं ते वेगळ्याच तपशिलानं. इथला दगड खाणीवरच घडवला गेला. प्रत्येक चिरा तिथंच तासला, काटकोनात आणला, त्याच्यावर खूण आणि आकडा घातला, आणि मग तो इथं आणून आपल्या जागी बसवला.

त्यामागं बायबलातली गोष्ट आहे. शलमोन राजानं यरुशलेमात मंदिर बांधलं तेव्हा दगड खाणीवरच तयार करून आणले होते. मंदिर उभं राहत असताना तिथं हातोड्याचा, कुऱ्हाडीचा, कुठल्याच लोखंडी हत्याराचा आवाज झाला नाही. फ्रीमेसन आपलं मूळ त्या मंदिराच्या बांधकामाशी जोडतात, म्हणून एकोणिसाव्या शतकातल्या फिलाडेल्फियात, घोडागाड्यांच्या खडखडाटात, त्यांनी तीच रीत पाळायचं ठरवलं.

बाबा हे ऐकून खूश झाले असते, पण त्यांना नवल वाटलं नसतं. दगडाशी काय बोलायचं ते खाणीवर बोलून घ्यावं, जागेवर त्याला नुसतं बसवावं, असं ते म्हणायचे. आपल्याकडच्या हेमाडपंती देवळांत दगड चुन्याशिवाय एकमेकांत बसवलेले आहेत. सिन्नरच्या गोंदेश्वराला मी शाळेची सहल घेऊन गेले होते, तेव्हा सांध्यात पोस्टकार्ड घालून पाहिलं होतं, गेलं नाही. असा सांधा तयार व्हायचा तर दगड घडवणाऱ्याच्या मनात शेजारचा दगड आधीच बसलेला असावा लागतो.

आता हे फ्रीमेसन कोण, ते सांगायला हवं. कारण आपल्याकडे त्यांच्याविषयी कुजबूजच जास्त. उत्तर हिंदुस्थानात लोक त्यांच्या लॉजला 'जादूघर' म्हणत. बंद दारं, रात्रीच्या सभा, आत काय चालतं ते बाहेर सांगायचं नाही, मग लोक दुसरं काय म्हणणार? पण शब्दाचा सरळ अर्थ पाहिला तर मेसन म्हणजे गवंडी. मध्ययुगात युरोपात चर्च आणि किल्ले बांधणारे पाथरवट गावोगाव फिरत. कामाच्या जागेशेजारी त्यांची एक खोपटी असे, तिथं ते दगड घडवत, जेवत, मजुरीचे वाद मिटवत. त्या खोपटीला लॉज म्हणत. स्कॉटलंडच्या राजाचे बांधकामप्रमुख विल्यम शॉ यांनी १५९८ मध्ये अशा लॉजेससाठी नियम लिहून काढले: शिकाऊ किती वर्षं राहील, उस्ताद कोणाला म्हणायचं, एकाचं काम दुसऱ्यानं हिसकावू नये. पुढे या खोपट्यांत हळूहळू अशी माणसं येऊ लागली ज्यांनी आयुष्यात दगडाला हात लावला नव्हता. जमीनदार, वकील, शास्त्रज्ञ, सरदार. १७१७ मध्ये लंडनच्या चार लॉजेसनी मिळून ग्रँड लॉज, म्हणजे सगळ्यांची मिळून एक मध्यवर्ती संस्था, स्थापली असं परंपरा मानते. तोवर थापीला चुना लागणं बंद झालं होतं, थापी उपमा झाली होती.

ती उपमा मात्र त्यांनी फार नेटकी सांभाळली. शिकाऊ, कारागीर, उस्ताद या तीन पायऱ्या तशाच ठेवल्या. लॉजच्या प्रमुखाचं चिन्ह गुण्या, कारण त्यानं काटकोनात वागायचं. त्याच्या खालोखालच्या अधिकाऱ्याचं चिन्ह पाणसळ, कारण सभेत सगळे एका पातळीवर. तिसऱ्याचं चिन्ह ओळंबा, कारण उभं राहायचं ते सरळ. थापीनं मायेचा गिलावा लावून माणसं सांधायची. खोलीत दोन दगड ठेवलेले असतात, एक अनघड, खाणीतून निघाला तसा, आणि एक घडीव. पहिला म्हणजे आत येणारा माणूस, दुसरा म्हणजे त्यानं जे व्हायचं ते. प्रमुख पूर्वेला बसतो, दुसरा पश्चिमेला, तिसरा दक्षिणेला, म्हणजे सूर्याच्या तिन्ही जागा भरल्या. उत्तरेला कोणी नाही, तिकडे सूर्य जात नाही.

मार्गदर्शक हे सांगत होता तेव्हा गटातले बाकीचे लोक मोबाइलवर फोटो काढत होते आणि माझ्या डोळ्यांत पाणी यायला लागलं होतं. मला बाबा दिसत होते. पाण्याची नळी घेऊन एक टोक माझ्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, 'हलू नको गं, पाणी खोटं बोलत नाही.' नळीतलं पाणी दोन्हीकडे एका रेषेत आलं की भिंतीवर खडूची खूण करायची. हे ज्ञान त्यांना कोणी नीतिपाठ म्हणून दिलं नव्हतं. ते पातळी आणत होते कारण घर पडू नये.

आतलं सगळं काम बांधकामानंतर पुष्कळ वर्षांनी झालं. १८७३ मध्ये बाहेरचं कवच तयार होतं, आतल्या सभागृहांची सजावट १८८७ पासून जॉर्ज हर्झॉग या म्युनिकच्या चित्रकारानं हाती घेतली आणि ती वर्षानुवर्षं चालली. एकूण सात दालनं आणि प्रत्येकाची धाटणी वेगळी. नॉर्मन, इजिप्शियन, आयोनिक, कॉरिंथियन, गॉथिक, रेनेसाँस आणि ओरिएंटल. बाहेरून एकाच रंगाचा कठीण दगड, आणि आत दार उघडाल तसं शतक आणि देश बदलतो.

शाळेत मी मुलांना स्तंभांचे प्रकार शिकवताना फळ्यावर खडूनं डोरिक, आयोनिक, कॉरिंथियन काढायचे. आयोनिकचे ते दोन वळसे काढताना एक वळसा नेहमी मोठा व्हायचा. इथं ते खरे, उभे, अंगावर सोनं घेतलेले होते. मी प्रत्येक वळसा नीट पाहून घेतला.

इजिप्शियन दालन १८८९ चं. जाड खांब, कमळाच्या आणि पपायरसच्या आकाराची शीर्षं, आणि भिंतीवर, खांबांवर, तुळयांवर चित्रलिपी. ही लिपी नुसती शोभेची नाही, ती बरोबर आहे, वाचता येणारा ती वाचू शकतो. शँपोलियोंनं या लिपीचं कोडं सोडवलं ते १८२२ मध्ये. म्हणजे हे दालन रंगवलं गेलं तेव्हा त्या लिपीला पुन्हा वाचा फुटून सत्तर वर्षंही झाली नव्हती. रंगाऱ्यांना अर्थ कळत असेल असं मला वाटत नाही. पण पक्ष्याची मान कुठं वळते, डोळ्याची खालची रेघ कुठं संपते, हे त्यांनी चुकू दिलं नाही. नक्कल या शब्दाला आपण फार हलकं करून ठेवलंय. अर्थ माहीत नसताना अक्षर बिघडू न देणं ही मोठी निष्ठा आहे. आपल्याकडे ताम्रपट कोरणाऱ्यांनी आणि पोथ्या उतरवणाऱ्यांनी हेच तर केलं.

ओरिएंटल दालन १८९६ चं. तिथं मी जरा उत्सुकतेनं गेले, पौर्वात्य म्हणजे आपल्यापैकी काहीतरी असेल म्हणून. ते निघालं स्पेनमधल्या ग्रॅनाडाच्या अल्हांब्रा राजवाड्यावरून घेतलेलं. मूर लोकांची ती कारागिरी, छतावर एकात एक अडकलेले लाल, निळे, सोनेरी तुकडे. सुंदर आहेच, बराच वेळ मान वर करून पाहावं असं. पण फिलाडेल्फियातल्या सद्गृहस्थांच्या पूर्वेची हद्द ग्रॅनाडाच्या टेकडीशी संपत होती, हे पाहून मला थोडं एकटं वाटलं.

गॉथिक, रेनेसाँस, कॉरिंथियन ही दालनं भव्य आहेत. माझं मन मात्र नॉर्मन दालनातच अडकलं होतं आणि फेरी संपल्यावर परवानगी मागून मी पुन्हा तिथं गेले.

हे दालन १८९१ चं. ऱ्हाईन नदीकाठच्या जुन्या चर्चसारख्या गोल कमानी, आणि भिंतीवर त्या पाच आकृती. ओळंबा, थापी, गुण्या, हातोडा, कंपास. मागची सोनेरी जमीन मोझेकची वाटते, बारीक चौकोनी तुकडे बसवल्यासारखी. जवळ गेलं की कळतं, तो सगळा रंग आहे. मोझेकचं चित्र, मोझेक नव्हे. पहिल्यांदा मला राग आला. बाहेर इतका प्रामाणिक ग्रॅनाइट, खाणीवर घडवलेला, वजन पेलणारा, आणि आत, तेही गवंड्याच्या अवजारांमागंच, दगडाचं सोंग? बाबांना सोंगाची फार चीड होती. सिमेंटवर रेघा ओढून दगडी भिंत दाखवणारी घरं पाहिली की ते रस्ता ओलांडून पलीकडून जायचे.

पण मी तिथं पाऊण तास उभी राहिले आणि राग विरला. हर्झॉगच्या माणसांनी एकेक चौकोन हातानं रंगवला होता, एकेकाची छटा किंचित वेगळी ठेवून, जेणेकरून खऱ्या तुकड्यांवर उजेड जसा विखुरतो तसा विखुरावा. माझ्या हातात ब्रश असता तर मला दिवसाला तळहाताएवढी जागा झाली असती. हे दगडकाम नाही, हे रंगाऱ्याचं काम आहे, आणि रंगारीही मजुरीवरच येतो, शिडीवर चढतो, मान दुखेपर्यंत वर पाहतो. बाबांनी त्याला नावं ठेवली नसती. त्यांनी फक्त अंगठा फिरवून पाहिला असता.

त्या पाच आकृतींना नावं नाहीत. आयोनिक दालनात ग्रँड मास्टरांच्या तसबिरी आहेत, नावानिशी. बेंजामिन फ्रँकलिन १७३४ मध्ये इथला ग्रँड मास्टर होता, त्याचं नाव तर जागोजाग. विंड्रिम आणि हर्झॉग लक्षात राहिले. पण ज्यानं तो दरवाज्यावरचा नक्षीचा पट्टा कोरला, ज्यानं चिऱ्यावर आकडा घातला आणि ज्यानं तो आकडा वाचून चिरा बसवला, त्यांच्यापैकी कोणाचं नाव मला त्या फेरीत ऐकू आलं नाही. रायगडावर जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीवर 'सेवेचे ठायी तत्पर हिरोजी इटळकर' असं कोरलेलं आहे. गड बांधणाऱ्यानं आपलं नाव पायरीला दिलं. आम्ही शाळेत तो धडा विनम्रतेचा म्हणून शिकवतो. मला मात्र नेहमी वाटतं की ती जागा त्यानं फार विचार करून निवडली. पायरीवरून प्रत्येकाला जावंच लागतं. आणि तरी तोही बांधकामाचा प्रमुखच. त्याच्या हाताखालच्या पाथरवटांना पायरीही मिळाली नाही.

पातळीची एवढी पूजा करणाऱ्यांच्या घरात सगळ्यांना एका पातळीवर जागा होती असंही नाही. याच शहरात १७९७ मध्ये कृष्णवर्णीय फ्रीमेसनांनी आपलं वेगळं लॉज काढलं. अ‍ॅब्सालम जोन्स त्याचे प्रमुख आणि रिचर्ड अ‍ॅलन खजिनदार, दोघंही गुलामगिरीत जन्मलेले. मुंबईची कथा याहून वेगळी नाही. भायखळ्याचा खडा पारशी आपल्याला माहीत असतो. तो पुतळा ज्यांनी आपल्या वडिलांच्या आठवणीसाठी उभारला ते माणकजी करसेटजी फ्रीमेसन व्हायला निघाले तेव्हा इंग्रजांच्या लॉजनं त्यांना दार उघडलं नाही. त्यांना दीक्षा मिळाली ती पॅरिसला. मग १८४३ मध्ये डॉ. जेम्स बर्न्स यांच्या पुढाकारानं मुंबईत 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' हे लॉज निघालं आणि हिंदी माणसांना गुण्या-कंपासाखाली बसता आलं. फोर्टमध्ये सुखाडवाला मार्गावर फ्रीमेसन हॉल आहे. मुंबईला परीक्षेच्या कामासाठी गेले की मी त्याच्या दारावरून जायचे. दारावरचं चिन्ह पाहून मला वाटायचं, ही इंजिनियर लोकांची संस्था असेल. गुण्या मी ओळखला होता. तो कोणाच्या घरावर लावलाय हे मला माहीत नव्हतं.

आणि बायका? फिलाडेल्फियाच्या त्या घरात पाहुणी म्हणून मी सगळीकडे फिरले, सभासद म्हणून तिथं स्त्रीला जागा नाही. पण संग्रहालयात एक एप्रन आहे, जॉर्ज वॉशिंग्टनचा. गवंडी कमरेला बांधतो त्या चामड्याच्या फडक्याचं हे सद्गृहस्थी रूप. त्यावर रेशमाचं भरतकाम आहे आणि ते वॉशिंग्टनच्या बाजूनं लढलेला फ्रेंच सेनानी लाफाएत याच्या पत्नीनं केलं असं सांगतात. इतक्या ग्रॅनाइटात, इतक्या सोन्यात मला बाईच्या हाताचा टाका तेवढाच दिसला. काचेपुढं उभी राहून मी टाका ओळखायचा प्रयत्न केला. उजेड कमी होता, जमलं नाही.

आई बाबांचं कामाचं धोतर शिवायची. चुन्यानं गुडघ्यावर विरायचं, तिथं ती आतून दुसरा तुकडा लावायची. ते कोणत्या संग्रहालयात असणार. भावाकडे ओळंबा मात्र आहे, पितळेचा, टोक थोडं बोथट झालेलं. खंडेनवमीला तो अजून पाटावर येतो, जरी भाऊ बँकेत नोकरीला होता आणि पुतण्या संगणकावर काम करतो.

बाहेर आले तेव्हा चार वाजले होते. गाडीला वेळ होता. सिटी हॉलच्या बाजूला मनोऱ्याचा कोपरा खाली उतरतो तिथं गेले. बाबा कुठल्याही नव्या गावी गेले की जुन्या इमारतीच्या कोपऱ्याला करगोट्याच्या दोऱ्याला खडा बांधून लावून पाहायचे. एसटी सुटायची वेळ झाली तरी. आईला लाज वाटायची. माझ्या पर्समध्ये शिवणाची रिळ असते, सवय आहे. हातभर दोरा तोडला, त्याला मुलाच्या घराची किल्ली बांधली, हात वर केला आणि दोरा दगडाच्या कडेला धरला. वारा होता, किल्ली गोल फिरत राहिली. दुसऱ्या हातानं तिला आडोसा केला. एक बाई जाता जाता थांबली, काय चाललंय पाहिलं, काही विचारलं नाही.

किल्ली हळूहळू थांबली. दोरा आणि दगडाची कड यांच्यामध्ये वरपासून खालपर्यंत सारखीच फट होती. ग्रॅनाइटवर ऊन आलं होतं आणि त्या उन्हात दोऱ्याची सावली सरळ उतरत होती. कोपरा ओळंब्यात होता.